उपरण्याखालचा हात

दत्तू,

तू गेलास यावर माझा अजून नीटसा विश्वास बसलेला नाही. रागावू नकोस. तुझ्या बाबतीत कुठलीच गोष्ट मी पहिल्या झटक्यात खरी धरली नाही, मग ही तरी कशी धरू? तू हसलास तर मी कारण शोधलं. गप्प बसलास तर दुसरं कारण शोधलं. 'बरा आहे' म्हणालास की तुझ्या डोळ्यांत बघून खात्री करून घेतली. काल तेरावं झालं. पानं उठली, पाहुणे मिरजेच्या गाडीला गेले, आणि मी सवयीनं माडीच्या जिन्यापाशी जाऊन कान देऊन उभा राहिलो. तू पडलायस की येरझाऱ्या घालतोयस ते ऐकायला. तुझी वहिनी मागून आली, तिनं माझा हात धरला आणि मला ओसरीवर आणून बसवलं.

तेराव्याला लोक तुझ्याबद्दल फार चांगलं बोलले. बाजारातला सरळ माणूस, मनाचा मोठा, गळा काय गोड. मी मान डोलावत होतो आणि मनात एकेकाचं जुनं तोंड आठवत होतो. यातले निम्मे तुला बघून रस्ता बदलणारे. उरलेले, तू पुढं गेलास की कपाळापाशी बोट फिरवणारे. त्यांचं हे गोड बोलणं काही मला खरं वाटेना. मग लक्षात आलं की अशा लोकांची यादी करायची तर पहिलं नाव माझंच लागेल. मी रस्ता बदलला नाही, बोटही फिरवलं नाही, पण तुझ्यावर पाळत ठेवली. तीही घरात बसून, सख्ख्या भावाच्या हक्कानं.

संशय हा माझा धंदाच, हे तुला सांगायला नको. लहानपणी हळदीचं पोतं समोर आलं की आबा आपल्या दोघा पोरांचा हात धरून पार खांद्यापर्यंत आत घालायचे. वर असते ती दाखवायची हळद, खरी काय ती खाली, असं ते म्हणायचे. मी ते शिकलो. तू कधी शिकला नाहीस. तू वरची दोन हळकुंडं उचलायचास, एक मोडून वास घ्यायचास, शेतकऱ्याच्या तोंडाकडं बघायचास आणि म्हणायचास, "चांगली हाय." आणि बहुतेक वेळा ती चांगली निघायची, याचा मला जास्त राग यायचा. पुढं तू आजारी पडलास तेव्हा मी पोत्याचीच रीत तुला लावली. तुझं हसू ते वरचं. खाली काय आहे ते हात घालून बघायचं. असा खांद्यापर्यंत हात रोज आत आला तर माणसाला कसं होत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

पहिल्या वेळी मात्र मी गाफील राहिलो. लढाई चालू होती, रॉकेल आणि साखर कार्डावर मिळत होती. ज्येष्ठापासून तू बदललास. बोलणं वाढलं, जेवणावर लक्ष राहिना, झोप तर जवळजवळ उडालीच. उजाडायच्या आत कृष्णेत पोहून यायचास आणि दुकान उघडेपर्यंत चार जणांना घरी जेवायला बोलावून ठेवायचास. तुझी बायको, आपली सुशीला, भाकरी थापून थापून दमायची, पण खूश होती. नवरा कधी नव्हे तो तिच्याशी तासतासभर बोलत होता. मीही खूश होतो, कबूल करतो. भाऊ कामाला लागला असं मी चार ठिकाणी सांगून आलो. संशय यायला हवा होता तेव्हा नेमका तो आला नाही, आणि त्याचं उट्टं मी पुढं आयुष्यभर काढलं.

मग श्रावणात, भर पावसात, तू हरिपूरच्या वाटेवरचं आपलं पेव उघडलंस. रांजणासारखा जमिनीत खणलेला खड्डा, पोटात वर्षाची हळद, तोंडावर फरशी आणि फरशीवर मातीचा ढीग. पावसाळ्यात त्याला हात लावायचा नाही हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तू माणसं लावून माती काढलीस, फरशी सरकवलीस आणि पावसात उघडा उभा राहून सगळ्यांना सांगत होतास की आत हळद गुदमरतेय, तिला जरा श्वास घेऊ द्या. मी पोचलो तेव्हा पाण्याचे लोट आत चालले होते. मी तुझ्या थोबाडीत मारली. तू हसलास आणि म्हणालास, "अण्णा, तूपण गुदमराय लागलाइस." त्या वाक्यावर मी दुसरी मारली.

त्या दोन थपडा अजून माझ्या हातात आहेत. त्यांच्याबद्दल तू कधी एक शब्द काढला नाहीस आणि मीही काढला नाही. आज काढतो. चुकलो.

तुला उचलून घरी आणलं, माडीवर ठेवलं आणि मी दाराला बाहेरून कडी घातली. मग अंगारे झाले, लिंबं उतरून झाली, कुणीतरी सांगितलं म्हणून डोक्यावर कसल्याशा पाल्याचा लेप झाला. दिवाळीच्या सुमारास तुझं उधाण आपोआप ओसरलं, आणि ओसरलं ते पार तळ दिसेपर्यंत. तू भिंतीकडं तोंड करून पडलास. दाढी वाढली. सुशीला घास भरवायची तेव्हा तोंड उघडायचास, एवढंच. कडीची आता काही गरज नव्हती, पण मी ती काढली नाही. हे नवीन सोंग असेल, दार उघडं दिसलं की हा पळेल, असं मला वाटायचं. माझ्यासमोर कधी मान वर न करणारी सुशीला एक दिवस जिन्यात आडवी उभी राहिली. "अण्णा, त्यांना कूस बदलायची ताकद नाही," ती म्हणाली, "कडी कुणासाठी घालताय?" मी कडी काढली आणि तिच्यावरही नजर ठेवायला लागलो.

याच दिवसांत मी ओळखीच्या वकिलाकडून एक अर्ज लिहून आणला. पुण्याकडच्या वेड्यांच्या इस्पितळात तुला घ्यावं म्हणून. त्यात तुझं नाव होतं, खाली माझी सही होती, तारखेची जागा तेवढी कोरी ठेवली होती. तो अर्ज मी माझ्या ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी ठेवला. पुन्हा पेव उघडलंस की तारीख घालायची, असं मनाशी ठरवलं. तू होळीपर्यंत उठलास, दाढी केलीस, दुकानात यायला लागलास. अर्ज मी तसाच ठेवला.

लढाई संपली त्या हंगामात धोंडिबा आपल्याकडं हमालीला आला. माणदेशातला, दहिवडीजवळचा गडी. गावात पाऊस नाही, म्हणून फौजेत गेला, आणि तिथं त्याला बंदुकीऐवजी इस्पितळाचं काम मिळालं. आजारी शिपायांना उठवायचं, बसवायचं, भरवायचं. पाठीवर पोतं घेऊन तो असा चालायचा की जणू आत झोपलेलं मूल आहे. त्यानं उचल मागितली नाही. दारू पीत नव्हता. दुपारी बाकीचे हमाल पोत्यांच्या सावलीला आडवे व्हायचे तेव्हा हा तुझ्याशेजारी येऊन बसायचा आणि तुम्ही दोघं काही न बोलता बसून राहायचात. त्या दिवसांत तू पुन्हा मंदावत चालला होतास. काहीही न मागणारा माणूस दिसला की मला आधी दुकानाची कुलपं आठवतात. हा कशासाठी चिकटलाय, ते बघायचं मी ठरवलं.

आणि एके दुपारी मला ते दिसलं. सौदे उरकले होते, गिऱ्हाईक नव्हतं, आणि तुम्ही दोघांनी पोत्यावर समोरासमोर बसून हातावर उपरणं टाकलं होतं.

आपल्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल आणि घेणारा हातावर कापड टाकतात आणि खाली एकमेकांची बोटं धरून ठरवतात. भोवती अख्खा बाजार उभा असला तरी कुणाला काही कळत नाही. तुझं माझं अर्धं आयुष्य त्या कापडाखाली गेलं. चालू सौद्यावरचं कापड ओढायचं नाही, हा इथला पहिला नियम, आबांनी आपल्याला बोलायला शिकवायच्या आधी तो शिकवला असेल. पण मला दिसलं ते एवढंच की माझा डोकं फिरलेला भाऊ एका हमालाला काहीतरी विकतोय. पेव विकतोय की दुकान, कुणास ठाऊक. मी मागून आलो आणि उपरणं ओढलं.

खाली काहीच नव्हतं. म्हणजे तू धोंडिबाच्या तळहातात तुझं एक बोट ठेवलं होतंस आणि त्यानं ते मुठीत धरलं होतं, इतकंच. शेजारच्या दुकानातले लोक उठून बघायला आले. काय विकलंस म्हणून मी ओरडलो. तू खाली बघत राहिलास. धोंडिबानं तुझं बोट न सोडता उत्तर दिलं.

"सौदा न्हाई ह्यो, अण्णा. दत्तूशेठचं आज एक हाय. काल दोन हुतं."

मला कळेना. त्यानं मला आत नेऊन समजावलं, आणि मी ते सगळं नोकराच्या तोंडून माझ्याच दुकानात उभ्यानं ऐकलं. ही बोटांची भाषा तुझी होती. एक म्हणजे पेवाच्या तळाशी. तीन म्हणजे जमिनीवर, चार माणसांसारखं. पाच म्हणजे छपरावर. रोज दुपारी तू त्याला आकडा द्यायचास. एक असलं की तो तुला दिवसभर एकटं सोडायचा नाही, नदीवर जाशील तर मागं यायचा, घरी सुशीलेला निरोप द्यायचा. लागोपाठ दोन दिवस चार आले की तू आपण होऊन सौद्याला बसायचा नाहीस आणि पेवाकडं पाऊल टाकायचं नाहीस, असं तुमचं ठरलं होतं. मला वाटायचं अधूनमधून तू कामचुकारपणा करतोस.

"पलटणीच्या दवाखान्यात असली लय पोरं हुती," धोंडिबा म्हणाला. "बोल म्हटलं की गप व्हायाची. कांबळ्याखाली हात धरला की बोट दाबून सांगायाची. त्वांडाला लाज आसती, अण्णा. हाताला नसती."

मी तुला विचारलं, हे मला का नाही सांगितलंस? मी काय परका होतो? तुझा आवाज त्या दिवसांत इतका खाली गेला होता की मला पुढं वाकावं लागलं. "तू हात धरलास की तपासतोस, अण्णा," तू म्हणालास. "तो नुसता धरतो."

मी उपरणं ओढल्याचा परिणाम तुलाच भोगायला लागला. आठ दिवसांत साऱ्या बाजाराला तुझी बोटं कळली. तू दिसलास की लांबून कुणीतरी हात वर करायचा आणि आज किती म्हणून खुणेनं विचारायचा, मागं हशा. मी एकदोघांच्या अंगावर धावून गेलो. तू मात्र त्यांना खरा आकडा दाखवायला लागलास. दोन असले तर दोन, तीन असले तर तीन, बाजाराच्या मधोमध हात उंच करून. मला वाटलं हे नवीन खूळ आहे. महिन्याभरात लोकांची गंमत संपली, आणि विचारणाऱ्यांतले एकदोन खरोखरच्या काळजीनं विचारायला लागले. कापड तूच ओढलंस, आता झाकून काय करू, असं तू मला म्हणाला होतास. त्यात टोमणा होता की आभार होते हे मी अजून शोधतो आहे.

धोंडिबाच्याच सांगण्यावरून आपण साताऱ्याला गेलो. त्याच्या पलटणीच्या इस्पितळातले एक डॉक्टर आता तिथं दवाखाना चालवत होते. मिरजेला गाडी बदलून सातारारोड, तिथून सर्व्हिस मोटार. कराड येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं की धोंडिबाचं त्या डॉक्टरशी काहीतरी साटंलोटं असणार. डॉक्टरांनी तुला तासभर विचारलं, मला पाच मिनिटं. मग म्हणाले, हे वारं नाही आणि करणी नाही. उन्माद आणि खिन्नता या एकाच आजाराच्या दोन बाजू आहेत, आलटून पालटून येतात, मधे माणूस अगदी तुमच्या आमच्यासारखा असतो. मुळावर औषध अजून निघालेलं नाही. झोपेचं औषध देतो. झोप मोडायला लागली की समजा, आठवड्याभरात बाकीचं मोडणार. आणि ज्याला हा खरं सांगतो असा माणूस याच्याजवळ राहू द्या. शेवटचं वाक्य बोलताना ते दाराबाहेर बसलेल्या धोंडिबाकडं बघत होते. मला ते लागलं. परतीच्या वाटेवर तू गाडीच्या खिडकीशी बसून सबंध रस्ताभर हळू आवाजात गात होतास. आजाराला नाव मिळालं म्हणून माणूस इतका सुखावतो, हे मला नवीन होतं. मी कान देऊन ऐकत होतो, आवाज वाढतोय का ते बघायला.

त्यानंतरचं वर्ष चांगलं गेलं. चार आले, पण पाच आले नाहीत. एक आलं ते पंधरवड्यात सरलं. मलाही तू उपरण्याखाली हात द्यायला लागलास, आणि ते तुझं मोठेपण. मी दर वेळी तुझी बोटं धरायचो आणि सोबत नाडीही बघायचो. तू तीन दिलेस की मी विचारायचो, नक्की तीन? आणखी एकदा दे. तू पुन्हा तीन द्यायचास. मग मी धोंडिबाला बाजूला घेऊन विचारायचो, तुला किती दिलेत? त्याला पण तीनच दिलेले असायचे. दोघांचं आधी ठरलंय, असं मला वाटायचं.

आपलं मोठं भांडण झालं ते स्वातंत्र्याच्या दिवशी. ते संपलेलं नाही, म्हणून आज पुन्हा काढतो.

सकाळपासून गाव रस्त्यावर आलं होतं. तोरणं, झेंडे, लेझीम, पेढ्यांची ताटं. चाळिशीची माणसं रडत होती आणि रडता रडता नाचत होती. आपला बाजारही बंद होता. तू मिरवणुकीच्या अगदी पुढं होतास, टोपी गेलेली, सदरा भिजलेला, आणि मोठ्या आवाजात गात होतास. तुझ्यामागं शेदोनशे लोक तेच करत होते. मला त्यांतला एकही दिसला नाही. मी एकट्या तुझ्याकडं बघत होतो. डोळे चमकतायत का, बोलणं भरभर होतंय का, रात्री किती झोपला. रात्री खरं तर मीही झोपलो नव्हतो, कुणीच झोपलं नव्हतं. मी गर्दीत घुसलो, तुला बाजूला ओढलं, उपरणं टाकलं आणि तुझा हात धरला.

तू तीन दिलेस.

मी म्हटलं, खोटं बोलू नकोस, घरी चल. तू इतका हसलास की डोळ्यांतून पाणी आलं. "अण्णा, आज सगळी सांगली पाचावर हाय," तू म्हणालास. "मी एकटाच तिनावर हाय." धोंडिबा तिथंच होता. तो म्हणाला, "खरं हाय अण्णा, म्या सकाळीच बघितलंय." मी त्याला गप्प बसवलं आणि तुला घरी आणलं. तू आलास. हिसडा दिला नाहीस, आवाज चढवला नाहीस. खरा आजारी असतास तर असा आला असतास का, हा विचार मला तेव्हा शिवला नाही. दिवसभर तू माडीच्या खिडकीत उभा राहून मिरवणूक बघितलीस. मी कडी घातली नाही. पण जिन्यात बसून राहिलो.

संध्याकाळी तू खाली आलास आणि माझ्या वरच्या पायरीवर बसलास. मला झालाय तो आनंद आहे की आजार, हे बाहेरून कसं ओळखायचं ते तू मला सांग, असं म्हणालास. जितके दिवस मी हसलो त्यातले किती दिवस माझे होते आणि किती आजाराचे, तेवढं सांग.  मी म्हटलं, पेव आठव. तू म्हणालास, पेव मी रोज आठवतो, तुला माझं त्याच्याशिवाय काही आठवतं का? मग तू वर गेलास. पुढं दोन महिने आपण हळदीबद्दल बोललो, पावसाबद्दल बोललो, हे पुन्हा काढलं नाही.

दत्तू, त्या दिवशी ते तीन होते. मला आज पक्कं माहीत आहे. कसं माहीत आहे ते विचारू नकोस, पुरावा माझ्याकडं नाही. मी नुसतं धरून चालतो आहे.

परवा ट्रंक उघडली, सुतकात लागणारी जुनी धोतरं काढायला. तळाशी तो अर्ज होता. मी कागदाची घडी नेहमी चौकोनी घालतो. हा लांबट घडीत होता, तुझ्या सवयीची घडी. म्हणजे तू तो वाचला होतास. कधी, ते कळायला मार्ग नाही. त्या होळीला उठल्यावर पहिल्याच वर्षी वाचला असशील, नाहीतर अगदी अलीकडं, अंथरुण धरायच्या आधी. वाचून परत जागेवर ठेवलास, कपडे नीट केलेस, आणि मला रोज हात देत राहिलास. या गोष्टीचा मी चार बाजूंनी विचार केला. तुझं काय कावेबाजपण त्यात असेल ते शोधून बघितलं. काही सापडलं नाही. अर्ज चुलीत घातला. सुशीलेला विचारायचा धीर झाला नाही.

आपलं भांडण तसंच राहिलं आणि कार्तिकात तुला ताप आला. या तापाशी तुझ्या आजाराचा काही संबंध नव्हता, तो विषमज्वर होता, गल्लीत आणखी चौघांना आला. पहिले दोन दिवस मी त्याच्यावरही विश्वास ठेवला नाही. तू सोंग घेऊन पडला आहेस, खाली उतरत चालला आहेस, असंच मला वाटलं. डॉक्टर आले तेव्हा अंग तव्यासारखं तापलेलं. तिसऱ्या आठवड्यात तू नुसती हाडं राहिलास. धोंडिबा दुकान सोडून तुझ्या पायाशी बसला होता आणि मी त्याला उठ म्हटलं नाही. तेवढं एक मी बरोबर केलं.

शेवटच्या दिवशी दुपारी तू सुशीलेकडं उपरणं मागितलंस. तिनं ते तुझ्या हातावर टाकलं आणि मला बोलावलं. मी अंथरुणाशी बसलो, खाली हात घातला आणि तुझ्या बोटांची वाट बघत राहिलो. एक देशील, माझ्या मनात आलं, आणि या वेळी मी विचारणार नव्हतो. पण तू बोट दिलं नाहीस. तू माझा तळवा उघडलास, माझी बोटं एकेक करून सुटी केलीस आणि म्हणालास, "माझं राहू दे आता. तुझं किती?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. आबांनी नाही, तुझ्या वहिनीनं नाही, मी स्वतःला नाही. माझं त्या दिवशी एक होतं. खरं तर तू पेव उघडलंस त्या श्रावणापासून माझं कधी दोनाच्या वर गेलंच नव्हतं, पण आकडा देणारा तू आणि घेणारा मी, असं आपलं ठरलेलं. मी तुझ्या हातात तीन बोटं ठेवली.

तू ती एकदाच चाचपलीस. नक्की का, असं विचारलं नाहीस. माझ्या डोळ्यांकडं बघितलं नाहीस, धोंडिबाकडं वळून विचारलं नाहीस. "बरं झालं," म्हणालास आणि डोळे मिटलेस. तू तीनशे वेळा दिलेले तीन मी खोटे ठरवले, आणि माझं एक तीन, तेवढं एकच, धडधडीत खोटं, तू तिथल्या तिथं खरं मानलंस. ते घेऊन तू गेलास. हे मला झोपू देत नाही.

आज सकाळी दुकान उघडलं. आवक थोडी आहे, नवी हळद यायला वेळ आहे. दुपारी हमाल आडवे झाले. धोंडिबा तुमच्या नेहमीच्या पोत्यावर एकटाच बसला होता, शेजारची जागा रिकामी ठेवून. मी खुंटीवरचं तुझं उपरणं काढलं. त्याच्यासमोर जाऊन बसलो. मी का आलो हे त्यानं विचारलं नाही, आपला हात पुढं केला. मी कापड टाकलं. बाजारातले चारजण बघत होते, बघू देत.

मी एक बोट दिलं.

त्यानं ते मुठीत घेतलं. नाडी बघितली नाही, पुन्हा दे म्हणाला नाही, तोंडाकडंसुद्धा बघितलं नाही. पोती उन्हातून सावलीत येईपर्यंत तो तसाच बसला होता, नुसतं धरून.